वाटाड्याचा कोट

नाही काकू, बाह्या बरोबर आहेत — बाह्यांना हात नका लावू, फक्त खालून घ्या, अजून वीतभर. हो, माहितीये मला, हा चौथा रविवार आहे. आणला तेव्हा घोट्यापर्यंत होता, मग पोटरीवर आला, मग गुडघ्यावर, मग मांडीवर — नाही, तुमचं माप चुकलेलं नाहीये. तुमचं काहीच चुकलेलं नाहीये. मीच दर वेळी तुमच्या ह्या आरशासमोर उभी राहते आणि म्हणते, अजून थोडा. जिज्ञासा म्हणून माझी मैत्रीण आहे, ती काल म्हणाली, राजसी, अजून दोन रविवार चामटोलीला गेलीस तर त्या कोटाचा रुमाल होईल, नाक पुसायला घे. ती अशीच बोलते. मी फारशी बोलत नाही. प्रगतिपुस्तकात दर वर्षी माझ्या नावापुढे एकच शेरा असतो, वर्गात बोलत नाही, आणि आई सही करता करता म्हणते, घरी तरी कुठे बोलते. म्हणून आज बदलापूर स्टेशनला रिक्षात बसल्यापासून मी पाठ करत आलेय, काय काय बोलायचं ते. तुम्ही कोट कापत राहा, म्हणजे मला बोलता येईल — माझ्याकडे बघायला लागलात की माझं सगळं जातं. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीये. मागच्या तिन्ही रविवारी तीच सांगायची होती, आणि तिन्ही वेळा तोंडातून आलं, अजून वीतभर. हो, त्यांच्याबद्दलच आहे. ह्या फोटोतल्या किसनकाकांबद्दल.

चहा घेते मी, आज नक्की घेते. राहू द्या इथेच, गरम आहे. दुसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात ना, तू पण त्या वाटाड्यासारखीच गं, चहा उकळला की गायब — मला हसताच आलं नाही. मला वाटलं होतं तुम्ही ती मालिका बघत नसाल. तर तुम्ही म्हणालात, अगं, आम्ही दोघं बघायचो की, सातच्या ठोक्याला हे माझं मशीन बंद करायला लावायचे. पण एका अर्थी बरंच आहे, वाटाड्या कोण ते तुम्हाला समजावायला नको. तो राखाडी पायघोळ कोट, अर्ध्या तोंडावर गुंडाळलेला पंचा, नाव कुणालाच माहीत नाही. अडचणीतल्या माणसाने लाल कापड बांधायचं — दाराला, गाडीला, झाडाला, कशालाही — की तो कुठून तरी यायचाच. मग कुणीतरी विचारायचं, दादा, तुमचं नाव तरी सांगा, आणि तो छातीला दोन बोटं लावून म्हणायचा, नाव राहू द्या, काम सांगा. मग कुणाची हरवलेली म्हैस, कुणाचा विहिरीत पडलेला मुलगा, कुणाच्या जमिनीचा कागद. काम झालं की त्या घरात चहा ठेवायचे, आणि आतून कप घेऊन येईपर्यंत तो गेलेला असायचा. शेवटी नुसता तो कप दाखवायचे, वाफ निघणारा. माझे बाबा म्हणायचे, अरे बाबा एकदा तरी पी, लोकांचं दूध वाया जातं. बाबा असेच, ते मालिकेशी बोलतात. बोलायचे.

आमच्याकडे अंबरनाथ पश्चिमेला तर वेडच लागलं होतं सगळ्यांना. हा कोट आहे ना, हा उल्हासनगरचा, कॅम्प एकचा. तिथल्या एका सिंधी काकांनी टीव्हीवर बघून हुबेहूब शिवून घेतले, लहानांचे, मोठ्यांचे, दुकानाबाहेर ओळीने टांगलेले असायचे, वाऱ्यावर हलायचे. बाबा म्हणाले, वाढत्या अंगाचा घे, म्हणून घोट्यापर्यंत आला. ते सिंधी काका म्हणाले, बेटी, चार साल पहनो, कपडा वैसे का वैसा रहेगा. तेव्हा तुम्ही कुठे माहीत होतात. आणि लाल कापडं तर विचारू नका — सायकलींना लाल, बाकांना लाल, पाण्याच्या टाकीवर कुणी चढून लाल ओढणी बांधून आलेलं. आमच्या वर्गातल्या मुलांनी गणिताच्या चाचणीच्या दिवशी दाराच्या कडीला लाल रिबन बांधली. शीला मॅडमनी ती सोडली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, आला तर त्यालाही पेपर देईन, बसू दे खाली. असं सगळं हसण्यावारी होतं. मग पुष्करने ते रीलचं सुरू केलं.

पुष्कर आमच्या वर्गातला. वाईट नाहीये तो, नुसता आगाऊ आहे. तो आणि त्याचे मित्र रस्त्याच्या कडेला बाईक आडवी टाकायचे, आरशाला लाल ओढणी बांधायचे, एकजण शेजारी पडून राहायचा आणि बाकीचे झाडामागून फोनवर शूटिंग करायचे — बघू या, वाटाड्या कोण होतंय. कुणी थांबलं की झोपलेला उठून छातीला दोन बोटं लावायचा. त्याला इतके लाइक्स आले की मग सगळेच करायला लागले. बदलापूरचे, वांगणीचे, ह्या तुमच्या रस्त्यावरचे पण. तुम्ही बघितले असतील. नसतील बघितले, बरं.

आता बाबांचं सांगते, कारण आधी हे सांगितलं नाही तर तुम्हाला वाटेल बाबा तसले आहेत. बाबा तसले नाहीयेत. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सेफ्टी बघतात. कुणी पडलं, भाजलं, तर काय करायचं ते लोकांना शिकवायचं हेच त्यांचं काम. इथून पुढे, चामटोलीच्या पलीकडे, आमचा एक छोटा प्लॉट आहे. काही नाहीये तिथे, चार कोपऱ्यांत चार दगड आणि आंब्याची सहा रोपं. रविवारी दुपारी बाबा आणि मी बाईकवरून रोपांना पाणी घालायला जायचो. तर नोव्हेंबरमधल्या एका रविवारी येताना रस्त्याकडेला एक मुलगा पडलेला दिसला, बाईक आडवी, आरशाला लाल ओढणी. बाबांनी असा ब्रेक मारला की मी त्यांच्या पाठीवर आपटले. पाण्याची बाटली घेऊन ते पळाले, गुडघ्यावर बसले, त्याच्या मानेला बोटं लावून नाडी बघितली, त्याला म्हणाले, घाबरू नको बाळा, हलू नको, मी आहे. तर त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, नाव राहू द्या काका, काम सांगा. आणि झाडामागून सगळे हसत बाहेर आले. बाबा पण हसले. बाटलीचं झाकण उघडं होतं, त्यांच्या पँटवर पाणी सांडलेलं. ते रील सोसायटीच्या ग्रुपवर आलं, पँट ओली झालेली तिथेच थांबवून त्यावर काहीबाही लिहिलेलं. खालच्या मजल्यावरचे अनंताकाका जिन्यात भेटले की विचारायचे, काय वाटाड्या, आज कुठे पाणपोई? कुणीतरी आमच्या दाराला लाल रिबन बांधून गेलं. बाबांनी ती सोडली. हसायचे ते सगळ्यांसमोर. हसायचे, आणि मग लिफ्ट सोडून तीन मजले चालत यायचे, म्हणजे लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको. हे दोन आठवडे चाललं. तिसऱ्या आठवड्यात तो रविवार आला.

तो रविवार म्हणजे — तुम्हाला तारीख सांगायला नको. मालिकेचा शेवटचा भाग होता त्या दिवशी, सात वाजता. वाटाड्याचं नाव कळणार, चेहरा दिसणार, असं महिनाभर सांगत होते. आम्ही प्लॉटवरून सहाला निघालो. मी हा कोट घातला होता. बाईकवर थंडी वाजते म्हणून, आणि शेवटचा भाग म्हणून पण. सहा दहा झाले असतील, सूर्य गेला होता पण दिसत होतं सगळं. तुमच्या इथला तो उतार आहे ना, वडाच्या अलीकडचा — हो, तोच. तिथे लांबूनच दिसलं, स्कूटर आडवी, आणि रस्त्याच्या कडेने कापड. निळ्या चौकड्यांचं. पूर्ण तागा सुटून उतारावरून खाली खाली पसरत गेलेला, कुणी मुद्दाम अंथरल्यासारखा. आणि स्कूटरशेजारी एक माणूस पडलेला. आणि लाल कापड. बाबांनी वेग कमी केला होता. खरंच केला होता, मला पाठीवरून कळतं, ते खांदे आवळतात. मीच म्हणाले, बाबा, परत तेच, ह्यांनी तर ह्या वेळी सेटच लावलाय. नका थांबू, परत तुमचा व्हिडिओ काढतील. बाबा म्हणाले, नक्की? मी म्हणाले, लाल कापड बघा ना. आणि बाबांनी गिअर टाकला. असं झालं ते. एवढंच. नक्की, असं विचारलं होतं त्यांनी मला, आणि मी जी वर्गात उत्तर येत असून हात वर करत नाही, ती म्हणाले, हो.

ते लाल कापड आरशाला नव्हतंच. ते मला नंतर कळलं, तुमच्याकडूनच. तुम्ही पहिल्या रविवारी माझं माप घेताना सांगत होतात, शाळेच्या गणवेशाचं कापड आणायला ते कॅम्पात गेले होते, स्कूटरवर तागा मागे हातभर बाहेर येतो, म्हणून सकाळी मीच लाल अस्तराचा तुकडा फाडून दिला, म्हटलं टोकाला बांधा, मागच्या गाडीवाल्याला दिसलं पाहिजे. तुम्ही टाचण्या तोंडात धरून सांगत होतात, आणि मी आरशात माझ्या पायांकडे बघत होते. मागच्यांना दिसावं म्हणून बांधलं होतं. दिसलं की. आम्हाला दिसलं.

घरी पोचलो तेव्हा सात वाजायला दहा मिनिटं होती. आईने पॉपकॉर्न केले होते. शेवटच्या भागात वाटाड्या स्वतःच जखमी होऊन जंगलात पडतो, आणि पंचा फाडून झाडाला लाल — तुम्हाला माहीत नसेल, तुम्ही कसा बघणार तो भाग. सांगू का? नको. बरं. एवढंच सांगते, त्याचं नाव शेवटपर्यंत सांगितलंच नाही त्यांनी. ज्यांना ज्यांना त्याने मदत केलेली असते ते सगळे कंदील घेऊन त्याला शोधत येतात, आणि कुणी नाव विचारत नाही. बाबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी पण रडले. आम्ही दोघं रडलो, आणि आई म्हणाली, वेडे आहात दोघं, ते सगळं खोटं असतं.

दुसऱ्या दिवशी बदलापूरच्या एका ग्रुपवरून फिरत फिरत फोटो आला. स्कूटर होती, कापड होतं, पोलीस होते. नाव होतं, किसन रोकडे, राहणार चामटोली, टेम्पोने धडक दिली असावी, टेम्पो सापडला नाही. बाबा आंघोळ करून आले होते, त्यांना मी फोन दाखवला. त्यांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग लहान केला. मग म्हणाले, हा दुसरा असेल. निळं कापड कुणाचंही असतं. मग म्हणाले, आपण थांबलो असतो तरी काय केलं असतं, आपण डॉक्टर आहोत का. मग डबा घेतला, बूट घातले, आणि दारातून परत आले आणि म्हणाले, आईला सांगू नकोस. त्यांनी केबलवाल्याला फोन करून केबल बंद करून टाकलीये, आईला सांगितलं, राजसीचं दहावीचं वर्ष आहे. प्लॉटवर जात नाहीत. रोपं वाळली असतील. बाईकच्या पिशवीत ती पाण्याची बाटली तशीच आहे, ती त्यांनी काढलीही नाही आणि प्यायलेही नाहीत. मी इथे येते ते त्यांना माहीत नाही, मी क्लासला आहे असं घरी वाटतंय. पाटी वाचून कुणीही येतं टेलरकडे, म्हणून मी कोट घेऊन आले. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे शिवायला. शाळेच्या गॅदरिंगसाठी हवाय म्हणाले ना मी — गॅदरिंग होऊन गेलं कधीच. मी त्यात नव्हतेच.

मी आले तेव्हा तुम्ही त्याच कापडाचे गणवेश बेतत होतात. शाळेला वेळेवर पाहिजेत, म्हणालात, आता अडून कसं चालेल, पोरं काय उघडी बसणार आहेत. कापड तीनदा धुतलंत म्हणालात. मला वाटलं आता बोलावं, आणि मी म्हणाले, काकू, अजून वीतभर. तुम्ही कापलेली पट्टी घडी करून बाजूला ठेवलीत. मी म्हणाले टाकून द्या, तर म्हणालात, गिऱ्हाइकाचं कापड मी ठेवत नाही आणि टाकत पण नाही, शेवटी सगळं बांधून देईन.

तर हेच. हेच सांगायचं होतं मला. आम्ही बघितलं आणि आम्ही थांबलो नाही. सहा दहाला. दूधवाले धर्मराजभाऊ थांबले ते पावणेसातला, असं तुम्ही सांगितलंत. मधली पस्तीस मिनिटं — मी ती सारखी मोजत असते, म्हणून मला माहीत आहे. आता तुम्ही मला काहीही बोला. शिव्या द्या. बाबांना नका देऊ, मला द्या.

काकू, नको. उठू नका ना तुम्ही. चहा गार होतोय तर होऊ दे — हात नका ठेवू डोक्यावर. नाही, मी रडत नाहीये, मला रडायलाच येत नाहीये, महिना झाला. असं नका म्हणू. म्हणजे — हो, माहीत आहे मला धर्मराजभाऊ काय म्हणाले ते, तुम्ही सांगितलंय, की टेम्पो लागला तेव्हाच सगळं संपलं, त्यांना काही कळलंच नसणार. आणि तुम्ही म्हणालात, तेवढं एक बरं झालं, मला रात्री झोप लागते ती तेवढ्यावर लागते. हो. ऐकतेय मी. तुम्ही म्हणताय, थांबला असतात तरी काय उपयोग होता पोरी, ते गेलेच होते, तू कशाला एवढं मनाला — काकू, हात काढा ना. मी रिक्षात इथपर्यंतच पाठ केलं होतं. खरं सांगते, इथपर्यंतच. मी सांगेन की आम्ही थांबलो नाही, तुम्ही मला हाकलून द्याल नाहीतर असंच काहीतरी म्हणाल, मग मी चहा पिऊन घरी जाईन. पुढचं सांगायचं नव्हतं. पुढचं मी बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही, बाबांची नजर रस्त्यावर होती, त्यांनी बघितलं नाही. पण तुम्ही म्हणता काही नाही गं, आणि ते ज्या गोष्टीसाठी म्हणता ती मी केलेलीच नाही. मी केलेली वेगळी आहे.

त्यांनी हात वर केला होता.

आम्ही अगदी जवळून गेलो ना, तेव्हा. ते कुशीवर होते, तोंड रस्त्याकडे. माझ्याकडे बघितलं त्यांनी. कोटाकडे बघितलं असेल. हा कोट तेव्हा पूर्ण होता, मागे उडत होता. त्यांनी कोपरापासून हात वर केला, असा, हळू, आणि बोटं उघडली. मला वाटलं, काय मस्त अॅक्टिंग करतात हे लोक, पुष्करला नाही जमायचं. आणि मी — मी छातीला दोन बोटं लावली. त्यांच्याकडे बघून. हसून. मग उतार संपला.

काकू.

मशीन चालू करा ना. तेवढी खालची शिलाई राहिलीये.

काय? कुठला हात? उजवा. नाही — थांबा, ते असे होते, म्हणजे — उजवाच. हो. डोळे उघडे होते. नाही, बोलले असतील तर मला ऐकू नाही आलं, हेल्मेट होतं. ओठ मला दिसले नाहीत. खरंच नाही दिसले, दिसले असते तर आता सांगितलं असतं. एवढं सांगितलं तर ते कशाला लपवू.

मला वाटलं होतं सांगितल्यावर काहीतरी होईल मला. काही होत नाहीये. तुम्हाला — नाही, विचारत नाही.

झाला का कोट? तुरपाई राहू द्या, मी घरी घालेन. नाही घातली तरी चालेल. बघू — हो, बसतो. कमरेपर्यंत. बरोबर आहे. ह्या पट्ट्या पण? चारही? ठेवा ना काकू तुम्हाला, लहान मुलांच्या कशाला तरी — बरं. हो, सांगितलं होतंत. गिऱ्हाइकाचं ठेवत नाही तुम्ही. द्या.

चहा — घेऊन चाललात का कप? नाही, प्यायले नाही मी. साय आलीये त्याच्यावर. असू दे.

दार ओढून घेऊ का जाताना? उघडं ठेवू? बरं. मी बाहेर पायरीवर बसते, रिक्षा येईपर्यंत थांबते तिथे —

बरं. नाही थांबत.